नवा संगणक, जुना प्रिंटर आणि पेढीचे बिल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही; परंतु सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळण्याचा नेहमीचा मार्ग संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. साहजिकच, एरवी उत्तम चालणारे कित्येक संगणक आज पेढ्यांवर बदलले जात आहेत.

अशा वेळी घरातील तरुण मंडळी विचारतात, “बदलायचाच आहे, तर मॅक का घेऊ नये? किंवा मोफत मिणारी लिनक्स का वापरू नये?” प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर संगणकाच्या वेगात वा रूपात शोधू नये. पेढीचे बिल त्यावरून आज निघते तसेच उद्या निघेल काय, हीच खरी कसोटी होय.

प्रथम संगणकासोबत काय मिळते ते पाहू. मॅकबरोबर पेजेस, नंबर्स आणि कीनोट या तीन आज्ञावली विनामूल्य मिळतात. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित आवृत्त्यांत लिब्रेऑफिस असते. विंडोजच्या संगणकात वर्ड व एक्सेल असतीलच असे नाही. असल्यास ते कायमचे की ठरावीक मुदतीपुरते, हे खरेदीच्या बिलावर लिहून घ्यावे. पूर्वी विंडोजसोबत येणारे साधे वर्डपॅडही विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून काढून टाकण्यात आले आहे.

साधे पत्र किंवा दरपत्रक या सर्व ठिकाणी उघडते. अडचण येते ती दिवाणजींनी वर्षानुवर्षे घडवलेल्या एक्सेलच्या तक्त्यांची. त्यांतील मॅक्रो, म्हणजे एका कळीसरशी व्याज अथवा दलाली काढून देणाऱ्या आज्ञा, नंबर्समध्ये चालत नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये काही चालतात, काही नाहीत. मराठी मजकुराचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये टंकलेले लेखन तिन्ही प्रणालींवर वाचता येते; जुन्या, विशिष्ट फाँटवर बेतलेली पत्रे व याद्या मात्र तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसतात.

जमाखर्चाची बाब अधिक महत्त्वाची. टॅलीप्राइम हे विंडोजसाठी घडवलेले आहे. मॅकवर ते वापरायचे तर मॅकच्या आत विंडोज बसवावी लागते, किंवा दूरच्या सर्व्हरवर ठेवलेले टॅली इंटरनेटद्वारे वापरावे लागते. दोन्ही मार्गांना स्वतंत्र खर्च आहे, आणि तो संगणकाच्या किमतीत धरलेला नसतो. काही जुन्या पेढ्यांत अजूनही डॉसवर चालणारी आज्ञावली आहे. विंडोज ११ केवळ ६४ बिटची असल्याने अशा १६ बिटच्या आज्ञावली तीवर थेट चालत नाहीत.

आता प्रिंटरकडे वळू. वस्तू व सेवा कर नियमावलीच्या नियम ४८ प्रमाणे मालाच्या विक्रीचे बीजक तीन प्रतींत करावे लागते: मूळ प्रत खरेदीदारास, दुसरी वाहतूकदारास आणि तिसरी विक्रेत्याकडे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अनेक पेढ्यांवर टिकून आहे, त्याचे एक कारण हेच. त्याच्या सुया फितीवर आघात करतात, म्हणून एकावर एक ठेवलेल्या कागदांवर एकाच वेळी प्रती उमटतात. लेझर व इंकजेट प्रिंटर कागदावर आघात करत नाहीत. तेथे प्रत्येक प्रत वेगळी छापावी लागते. ज्यांची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक आहे आणि ज्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू झाले, त्यांची गरज निराळी. त्यांच्या बीजकांना तीन प्रतींची ही अट नाही. पण त्यांवर क्यूआर कोड स्पष्ट उमटला पाहिजे, आणि डॉट मॅट्रिक्सच्या केवळ अक्षरे छापणाऱ्या पद्धतीत तो उमटत नाही.

जुन्या डॉट मॅट्रिक्सला २५ पिनांची केबल असते. नव्या संगणकांना ती जोडण्याची जागा सहसा नसते. यूएसबीत रूपांतर करणारी केबल मिळते. तथापि जुनी आज्ञावली थेट ‘एलपीटी१’ या जागेकडे मजकूर धाडत असेल, तर केवळ केबल बदलून कागद हलत नाही.

संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा असतो. संगणकाची प्रणाली बदलली की दुभाषाही बदलावा लागतो. एअरप्रिंटची सोय असलेला नवा प्रिंटर मॅकवर वेगळ्या ड्रायव्हरवाचून छापतो. स्वस्त लेझर प्रिंटरांपैकी काही मात्र आपले बरेचसे काम विंडोजमधील ड्रायव्हरवर सोपवतात. असा ड्रायव्हर मॅक वा लिनक्ससाठी उपलब्ध नसेल, तर चांगला प्रिंटरही मुका होतो.

येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. नोव्हेंबर २०२० पासून मॅकमध्ये ॲपलच्या स्वतःच्या चिप येऊ लागल्या. त्यांवर विंडोजची एआरएम आवृत्ती बसवली जाते. नेहमीच्या आज्ञावली तेथे रूपांतर होऊन बहुधा चालतात. ड्रायव्हरला मात्र ही सवलत नाही, तो एआरएमसाठीच बनलेला असावा लागतो. म्हणून टॅली उघडले, तरी लेबल छापणारा प्रिंटर किंवा डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन चालेल, असे गृहीत धरू नये. एआरएम प्रोसेसर असलेल्या विंडोज लॅपटॉपलाही हेच लागू आहे.

तेव्हा संगणक ठरवण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: रोज वापरात असलेल्या आज्ञावली, प्रत्येक प्रिंटरचे मॉडेल, टोकन व स्कॅनरसारखी उपकरणे, आणि छापल्या जाणाऱ्या कागदांचे नमुने. विक्रेत्याने “सगळे चालेल” असे सांगितल्यास समाधान मानू नये. आपलाच प्रिंटर जोडून, आपल्याच मालाचे बीजक, आपल्याच कागदावर छापून दाखवण्यास सांगावे. समास, रुपयाचे चिन्ह आणि अखेरची बेरीज नीट तपासावी.

हा बदल मार्चअखेरीस किंवा दिवाळीच्या गर्दीत करू नये. निदान एक पूर्ण महिना, विवरणपत्र भरून होईपर्यंत, जुना संगणक शेजारीच चालू ठेवावा. शक्यतो तो इंटरनेटपासून दूर असावा. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार, त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जतन करावे लागतात. जतन करणे याचा अर्थ पेन ड्राइव्हवर उतरवून कपाटात ठेवणे एवढाच नव्हे. तो हिशेब नव्या संगणकावर उघडता आला पाहिजे.

यासाठी एखाद्या जुन्या वर्षाची नोंद निवडावी. नव्या संगणकावर ती उघडावी, त्या वर्षीची अखेरची शिल्लक जुन्या छापील ताळेबंदाशी ताडून पाहावी आणि त्यातील एक बीजक पुन्हा छापावे. तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच जुना संगणक विकावा.