माळावरची सफारी

आफ्रिकेतल्या सेरेंगेटीला जायची हौस मलाही आहे, पण शिरूर-दौंडच्या माणसाने आधी सुप्याचा माळ पाहावा. शिरूरहून न्हावरे, तिथून चौफुला आणि पुढे मोरगावच्या वाटेने निघालं की सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य लागतं. १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. सेरेंगेटी साडेचौदा हजारांहून मोठं! पण तिथल्या थॉमसन गॅझेल या हरणाचा सख्खा नाही तरी चुलतभाऊ इथे भेटतो: चिंकारा. पहाटे गाडीचं इंजिन बंद करून गप्प बसावं. पिवळ्या कुसळी गवतातून आधी काळी शेपटी हलताना दिसते, मग अंगावर वळ्या असलेली उभी शिंगं. चाहूल लागली की तो शिंकल्यासारखा आवाज काढतो, पन्नास पावलं पळतो आणि थांबून मागे वळून बघतो. ते बघणं एकदा पाहिलं की विसरत नाही. याच माळांवर लांडगा आणि खोकडही जगतात, धनगरांच्या मेंढ्याही चरतात. आपण मात्र या गवताला ‘पडीक’ म्हणतो. त्यावर झाडं लावायला निघतो, नाहीतर प्लॉट पाडतो. झाडं लावणं पुण्याचं खरं, पण गवताच्या घरात दाटी केली तर चिंकाऱ्याने धावायचं कुठे? मुलांना घेऊन एकदा तिथे जा. राखायचं काय, ते माळच त्यांना सांगेल.