उन्हातला कुत्रा आणि आपले पहिले शील

फेब्रुवारी सरत आला की रत्नागिरीत ऊन चढू लागते. पूर्वेकडून जमिनीवरचे वारे आले, की खाऱ्या वाऱ्याची झुळूक उशिरा सुटते आणि पारा ३७-३८ अंशांवर जातो. एरवी हवा दमट. आपण घामाघूम होतो, पण कुत्र्याला तर आपल्यासारखा अंगभर घामही येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि त्या वाफेवाटे अंगातली उष्णता कमी करतो. दमट हवेत ही वाफ नीट होत नाही. म्हणून कोकणातले ऊन विदर्भापेक्षा सौम्य वाटले, तरी कुत्र्याच्या जिवाला धोका आहेच.

सुट्टीत मुले भर दुपारी कुत्र्याला दोरी लावून फिरवतात. हे बंद झाले पाहिजे. फिरवायचे तर सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर. निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू डांबरावर किंवा कातळावर ७ सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतील. पत्र्याच्या आडोशाला बांधून ठेवू नका, झाडाच्या सावलीत बांधा. तोंड दोरीने आवळू नका, धाप घेता येत नाही.

खूप धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, उलटी, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे आहेत. लगेच सावलीत न्या, अंगावर साधे पाणी ओता, वारा घाला. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी प्यायला ठेवा, पण तोंडात ओतू नका. मग वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

काही जण म्हणतील, एप्रिल-मे महिन्यात हंड्यासाठी रांग लावणाऱ्या वस्तीने कुत्र्याची चिंता का करावी? शिवाय आपल्या मनात एक जुनी जखम आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, आपल्याला होता. ती आठवण विसरायची नाही. पण मज्जाव करणारी माणसे होती, कुत्रा नव्हता. तहानेल्याला पाण्यापासून हाकलणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? मग आपल्याच दारातून तहानलेला जीव दगड खाऊन का जावा? विहारात आपण पहिले शील घेतो ते प्राणिमात्राच्या हिंसेपासून दूर राहण्याचे. त्यात कुत्राही आला.

खर्चही फार नाही. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १ लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात थोडे जास्त.

१४ एप्रिलला वस्तीवस्तीत पाणपोया लागतील. विहार समितीने आणि तरुण मंडळांनी प्रत्येक पाणपोईशेजारी, येण्याजाण्याच्या वाटेपासून थोडे बाजूला, सावलीत एक पसरट मातीचे भांडे ठेवावे. ते रोज घासून पाणी बदलावे, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. अनोळखी कुत्र्याला हात लावू नये, पाणी ठेवून मागे सरावे. घरचा कुत्रा मिरवणुकीच्या उन्हात आणि आवाजात नेऊ नये, त्याला घरी सावलीत ठेवावे. आणि ही पाणपोई जयंतीनंतर उचलू नये, पाऊस लागेपर्यंत चालू ठेवावी.