पुढे जायचंय? मग ब्रेक मारा!

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठीत शेवटचा निबंध लिहिला तो दहावीला, तोही पावसाळ्यावर. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी. पण या विषयावर माझ्या रूमपार्टनरशी मराठीतच कडाक्याचं भांडण झालंय, म्हणून मराठीतच लिहिते.

भांडणाचं कारण कॉम्प्युटर गेम. गेल्या पीएलमध्ये (हो, पीएलमध्येच. कृपया घरी कळवू नये.) मी 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' खेळत होते. मेक्सिकोतल्या 'स्क्वाड' कंपनीचा हा गेम २०११ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि २०१५ मध्ये पूर्ण झाला. त्यात हिरवे, बुटके अंतराळवीर असतात आणि त्यांचं रॉकेट आपण सुटे भाग जोडून बनवायचं. माझी पंधरा-वीस रॉकेटं जमिनीवरच फुटली. मग एक वर गेलं, दुसरंही गेलं. आता दोघांना आकाशात एकमेकांना जोडायचं होतं.

पुढचं यान त्याच कक्षेत, काही किलोमीटरवर. मी तोंड तिकडे वळवलं आणि इंजिन चालू केलं. हायवेवर पुढची गाडी गाठायला आपण हेच करतो की! अंतर जरा कमी झालं आणि मग चक्क वाढायला लागलं. अजून जोर लावला, अजून मागे पडले. दोन रात्री हाच प्रकार. इंधन संपलं, मॅगी संपली, पेशन्सही संपला.

तिसऱ्या रात्री कागद-पेन घेतलं तेव्हा उजेड पडला. वेग वाढवला की कक्षा मोठी होते. मोठ्या कक्षेत फेरीला वेळ जास्त लागतो, म्हणून आपण मागे पडतो. पुढच्याला गाठायचं तर उलटा जोर लावायचा, खालच्या छोट्या कक्षेत उतरायचं, तिथून पुढे निघायचं आणि मग परत वर यायचं. थोडक्यात, पुढे जायला ब्रेक मारायचा!

गंमत म्हणजे क्रिटिकल व्हेलॉसिटीचं डेरिव्हेशन मी ज्युनिअर कॉलेजात झोपेतसुद्धा लिहिलं असतं. त्रिज्या वाढली की वेग कमी, हे त्या सूत्रातच आहे. मार्क पैकीच्या पैकी मिळाले होते. समजलं मात्र काहीच नव्हतं, हे मला एका गेमने सांगितलं.

यात मी एकटी नाही, हे नंतर वाचलं. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ यानातल्या जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. तेही त्याच्याकडे तोंड करून जोर लावत राहिले, आणि शेवटी इंधन वाचवायला नाद सोडावा लागला. ते वैमानिक तर होतेच, वर एरॉनॉटिकल इंजिनीअरसुद्धा! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेमिनी-६ हे यान जेमिनी-७ च्या एका फुटाच्या आत जाऊन पोहोचलं, पण ते आधी गणित करून.

आता रूमपार्टनरची बाजू. ती खेळते 'नो मॅन्स स्काय', २०१६ चा गेम. त्यात दोनाचा चौसष्टावा घात इतके ग्रह आहेत, म्हणजे १८ वर अठरा शून्यांपेक्षाही जास्त. जमिनीवरून उडायचं, सरळ अवकाशात, ब्रेक दाबला की यान जागच्या जागी उभं! ग्रह सूर्याभोवती फिरतच नाहीत. मी नाक मुरडलं तर ती म्हणाली, "अगं, दिवसभर इंजिनीअरिंग, रात्री पण इंजिनीअरिंगच? गेम मजेसाठी असतो. तुला खरंच हवं असेल तर मंगळावर जायला दहा महिने बसून राहा ना!"

मुद्दा बिनतोड होता. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला पोहोचलं. एवढा वेळ स्क्रीनसमोर कोण बसणार? आणि माझा लाडका गेमही कुठे पूर्ण खरा आहे? त्यातल्या 'कर्बिन' ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, आपल्या पृथ्वीची ६,३७१. पण गुरुत्वाकर्षण तेवढंच, ९.८१! मी हिशोब केला, तो ग्रह शिशाच्या पाचपट घन असायला हवा. असा ग्रह असूच शकत नाही.

पण हा खोटेपणा कशासाठी केलाय ते बघा. पृथ्वीच्या खालच्या कक्षेत फिरायला सेकंदाला साधारण ७.८ किलोमीटर वेग लागतो, कर्बिनला सुमारे २.३. लागणारा वेग वाढला की इंधन सरळ प्रमाणात वाढत नाही, घातांकाने वाढतं. खऱ्या आकड्यांवर माझ्यासारखीचं रॉकेट कधी वर गेलंच नसतं. म्हणून त्यांनी ग्रह लहान केला. नियम तोच ठेवला. मंगळाच्या वाटेवर काळ भरभर पळवायचं बटणही दिलंय. त्याने थांबणं वाचतं, कक्षा बदलत नाही.

माझं मत एवढंच आहे. आकडे खोटे चालतील, नियम खोटा नको. आपल्या पुस्तकात तरी काय असतं? वजनरहित दोरी, घर्षणरहित पुली! तशी पुली कुठल्या दुकानात मिळते? पण तिच्यावर शिकलेलं पुढे खऱ्या पुलीवर उपयोगी पडतं. इंजिन बंद केलं की यान थांबतं, हे मात्र पुढे खोडावंच लागतं.

सगळ्याच गेमनी असं असावं का? नाही. १९९३ च्या 'फ्रंटियर' मध्ये न्यूटनचे नियम अगदी प्रामाणिकपणे पाळले होते. परिणाम असा की लढाईत दोन यानं प्रचंड वेगाने एकमेकांसमोरून सटकायची, नेम धरणं मुश्कील. त्याच मालिकेतल्या २०१४ च्या 'एलिट डेंजरस' मध्ये त्यांनी यानाला सरळ कमाल वेगमर्यादा घातली. लढाई हाच खेळ असेल तर ते ठीकच. पण उडणं हाच खेळ असेल, तर नियम हीच मजा आहे. तो काढला की उरतं काय?

माझ्या गेमलाही एक ठिकाणी मार खावा लागतो, तेही कबूल करते. त्यात यानावर एका वेळी एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण चालतं. त्यामुळे आपलं आदित्य-एल१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर ज्या जागेभोवती फिरतंय, तशी जागा मूळ गेममध्ये नाहीच. ती हवी तर चाहत्यांनी बनवलेला 'प्रिन्सिपिया' हा मॉड टाकावा लागतो. नियम पूर्ण नाही, पण जेवढा आहे तेवढा खरा आहे.

आणि याचा फायदा? चांद्रयान-३ १४ जुलै २०२३ ला निघून २३ ऑगस्टला चंद्रावर उतरलं. आजी म्हणाली होती, "अमेरिकावाले चार दिवसांत गेले, आपल्याला चाळीस दिवस का गं?" तेव्हा मी "आजी, बजेट" म्हणून वेळ मारून नेली. गेल्या सुट्टीत ताटलीभोवती चमचा फिरवून तिला दाखवलं. आपलं रॉकेट सॅटर्नच्या मानाने लहान, म्हणून यान पृथ्वीच्या जवळ आलं की दरवेळी थोडा धक्का, कक्षा लांब, परत जवळ आलं की परत धक्का. आजी म्हणाली, "म्हणजे झोक्यासारखं." अगदी तसंच नाही, पण धक्का कधी द्यायचा ते तिला कळलं होतं!

म्हणून सर-मॅडमना एक नम्र विनंती. मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल या गेमचं ठेवून बघा. जर्नल आम्ही कॉपी करतो हे तुम्हाला माहीत आहे. डॉकिंग कॉपी करता येत नाही.

माझं डॉकिंग झालं पहाटे पावणेचारला. ओरडले, रूमपार्टनर दचकून उठली, शिव्या घातल्या आणि मग तासभर तिनेच यान चालवलं. सकाळी मेसमध्ये म्हणाली, "तरी पण माझे ग्रह जास्त सुंदर आहेत." आहेतच, ते मी कुठे नाकारतेय?

तुम्हाला पटत नसेल तर भांडायला जरूर या. फक्त पीएलमध्ये नको, यावेळी खरंच अभ्यास करायचाय!