वैमानिकाचें घड्याळ आणि त्याची परीक्षा

मनगटी घड्याळ आज इतकें साधारण झालें आहे कीं, त्याचें कोणास कौतुक वाटत नाहीं. परंतु काळी तबकडी, ठळक पांढरे आंकडे आणि जाड चावी असलेलें जें ‘वैमानिकी’ घड्याळ दुकानांतून मांडलेलें दिसतें, तें पाहून तरुणांस मोह पडतो आणि वडील माणसें नाक मुरडतात. तरुण म्हणतात, हें शूरांचें भूषण आहे. वडील म्हणतात, ही पैशाची उधळपट्टी आहे. आमच्या मतें दोघांचेंही लक्ष भलत्याच ठिकाणीं आहे. ह्या घड्याळाचें खरें महत्त्व त्याच्या रूपांत नाहीं आणि किंमतींतही नाहीं. त्यानें जी परीक्षा दिलेली असते, तींत आहे. हा विचार विद्यार्थ्यांपुढें थोड्या विस्तारानें मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं पुरुष खिशांत घड्याळ बाळगीत. मनगटावरील घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. ब्राझिल देशाचे सांतोस-द्युमाँ हे पॅरिस येथें राहून वायुयानें चालवीत. दोन्ही हात यंत्रांत गुंतलेले असतां खिशांतून घड्याळ काढणें किती अवघड, ही त्यांची अडचण त्यांचे मित्र लुई कार्तिए यांनीं ओळखली व १९०४ सालीं त्यांच्याकरितां मनगटावर बांधावयाचें घड्याळ तयार करविलें. म्हणजे वैमानिकाचें घड्याळ जन्मास आलें तें शोभेकरितां नव्हे, गरजेकरितां.

पुढें विमानें समुद्रावरून व रात्रींच्या वेळीं उडूं लागलीं, तेव्हां ही गरज जिवाशीं येऊन भिडली. खालीं ओळखीची खूण दिसत नसेल तर सूर्य व तारे पाहून आपलें स्थान काढावें लागतें, आणि रेखांश काढण्यास अचूक वेळ पाहिजे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. अर्थात् एक अंश फिरण्यास तिला ४ मिनिटें लागतात. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचें तर, मुंबई सुमारें ७२ अंश ५० कलांवर आणि भारतीय प्रमाणवेळेचें रेखावृत्त ८२ अंश ३० कलांवर आहे. ह्या ९ अंश ४० कलांच्या अंतरामुळेंच मुंबईची जुनी स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे. हाच हिशेब वैमानिकास लावून पाहा. त्याचें घड्याळ केवळ अर्ध्या मिनिटानें चुकलें, तर विषुववृत्तावर त्याचें स्थान सुमारें १४ किलोमीटरांनीं चुकतें. महासागरांत लहानसें बेट शोधणाऱ्या, आणि टाकींत मोजकेंच इंधन उरलेल्या माणसास ही चूक पुरेशी आहे.

चार्ल्स लिंडबर्ग यांनीं १९२७ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत एकट्यानें साडेतेहतीस तास उड्डाण केलें, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर त्यांनीं काय केलें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. एवढी कीर्ति मिळाल्यावरही त्यांनीं १९२८ मध्यें अमेरिकन आरमारांतील अधिकारी वीम्स यांच्याजवळ ताऱ्यांवरून मार्ग काढण्याची विद्या शिकून घेतली. रेडिओवरील वेळेच्या खुणेशीं सेकंदाची तबकडी फिरवून जुळवितां यावी, अशी युक्ति ह्याच वीम्स यांनीं काढली होती. तिचाच आधार घेऊन, वेळेवरून अंश लवकर काढतां यावे असें घड्याळ लिंडबर्ग यांच्या कल्पनेप्रमाणें लाँजीन ह्या स्विस कारखान्यानें १९३१ सालीं बनविलें. जगानें डोक्यावर घेतलेला मनुष्य पुन्हा विद्यार्थी होतो, हेंच आम्हांस त्या घड्याळाहून मोठें वाटतें.

दुसऱ्या महायुद्धांत जर्मन विमानदळाकरितां ५५ मिलिमीटर व्यासाचीं मोठीं घड्याळें झालीं. तीं जाड आंगरख्याच्या बाहीवरून बांधीत, आणि हातमोजे न काढतां चावी फिरवितां यावी म्हणून चावीही मोठी असे. युद्धानंतर १९४८ च्या सुमारास ब्रिटिश विमानदळासाठीं ‘मार्क ११’ हें घड्याळ तयार झालें. विमानांतील यंत्रांच्या चुंबकत्वानें चाल बिघडूं नये म्हणून त्याच्या यंत्राभोंवतीं मऊ लोखंडाचें कवच होतें, आणि हवेचा दाब एकाएकीं उतरल्यास कांच उडूं नये अशी ती पक्की बसविलेली होती. फ्रान्सच्या विमानदळानें १९५० नंतरच्या वर्षांत घेतलेल्या ‘टाइप २०’ घड्याळास दिवसांत ८ सेकंदांहून अधिक चूक करण्याची मुभा नव्हती.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. युद्धांतील हीं घड्याळें अचूक होतीं; परंतु ज्या विमानांत तीं होतीं, त्यांपैकीं अनेकांनीं झोंपलेल्या शहरांवर बाँब टाकले. घड्याळ वेळ खरी सांगतें; ती वेळ कशास लावावी, हें तें सांगत नाहीं. अचूकपणा हा मोठा गुण आहे, पण तो एकटाच माणसास चांगलें करूं शकत नाहीं. यंत्रविद्येचा अभ्यास करणाऱ्या मुलांनीं हें मनांत पक्कें धरावें.

आतां परीक्षेकडे वळूं. १९५७ सालीं ओमेगा कंपनीनें ‘स्पीडमास्टर’ नांवाचें घड्याळ काढलें, तें मोटारींच्या शर्यतींकरितां. आकाशाशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. अमेरिकेच्या ‘नासा’ ह्या संस्थेस अंतराळवीरांसाठीं घड्याळ हवें होतें. तिनें निरनिराळ्या कंपन्यांचीं घड्याळें घेऊन त्यांस अकरा प्रकारच्या कसोट्या लावल्या. ७१ अंश उष्णतेंत तीं दोन दिवस ठेविलीं, पुढें ९३ अंशांपर्यंत तापविलीं, शून्याखालीं १८ अंशांपर्यंत गोठविलीं, निर्वात जागेंत कोंडलीं, आदळलीं, हादरविलीं. ह्या सर्वांतून स्पीडमास्टर तेवढें पार पडलें, व १९६५ च्या मार्च महिन्यांत त्यास मान्यता मिळाली. १९७० च्या एप्रिलमध्यें ‘अपोलो १३’ यानांत स्फोट होऊन वीज वांचविण्याकरितां बहुतेक यंत्रें बंद ठेवावीं लागलीं, तेव्हां मार्ग सुधारण्यासाठीं इंजिन १४ सेकंद चालवावयाचें होतें. ते १४ सेकंद स्विगर्ट यांनीं मनगटावरील त्याच जातीच्या घड्याळावर मोजले, आणि तिघेही जिवंत घरीं परतले.

ह्यांतून काय निघतें? ज्याच्या नांवांत आकाश नव्हतें तें आकाशाच्या परीक्षेंत उतरलें. तेव्हां नांव म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. बंगळूर येथें १९६१ पासून घड्याळें करणाऱ्या एच. एम. टी. कारखान्याचें ‘पायलट’ हें घड्याळ पुष्कळांच्या आवडीचें होतें, व तो कारखाना राहिला नसला तरी जुनीं ‘पायलट’ आजही लोक जपतात. परंतु त्यांचा चांगुलपणा त्यांच्या यंत्रांत होता, नांवांत नव्हे.

कोणी म्हणतील, आज उपग्रहांवरून मार्ग कळतो आणि स्वस्त क्वार्ट्झ घड्याळही कमानीच्या घड्याळाहून अधिक बरोबर चालतें. मग हा खटाटोप कशास? आक्षेप खरा आहे, आणि तो आम्हीं अमान्य करीत नाहीं. आजच्या वैमानिकाचें काम कमानीच्या घड्याळावांचून अडत नाहीं. मात्र उपग्रहही मार्ग दाखवितात तो अणुघड्याळांच्या जोरावर. तेथें एक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक ३०० मीटरांची होते. साधन बदललें, वेळेचें ऋण फिटलें नाहीं. शिवाय कमानीच्या घड्याळास वीज लागत नाहीं; सर्व बंद पडल्यावर तें चालूं राहतें. संकटसमयाचा सोबती म्हणून त्याची जागा अजून आहे, पण ती ज्यानें संकटाची परीक्षा दिली आहे त्याचीच.

म्हणूनच जर्मनींतील आखेन येथील तंत्रविद्यालयानें २०१२ सालीं वैमानिकी घड्याळांकरितां कसोट्यांचा नियम बांधला, व २०१६ सालीं त्यावरून तेथील राष्ट्रीय प्रमाण ठरलें, हें आम्हांस योग्य वाटतें. त्यांतील एक कलम फार मनोवेधक आहे. घड्याळ स्वतः अचूक असून भागत नाहीं. त्याच्या चुंबकत्वानें जवळचें होकायंत्र ढळतां कामा नये. स्वतः बरोबर चालावें आणि शेजाऱ्याची दिशा चुकवूं नये, ही कसोटी माणसांसही लावण्याजोगी आहे. इंग्लंडमधील ब्रेमाँ कंपनीनें आपलीं कांहीं घड्याळें मार्टिन-बेकर यांच्या, संकटांत वैमानिकास विमानाबाहेर फेंकणाऱ्या आसनावर बांधून पारखलीं. त्या कारखान्याचे भागीदार कॅप्टन बेकर १९४२ मध्यें विमानाची चाचणी घेत असतां मरण पावले. त्या दुःखानेंच मार्टिन यांचें चित्त वैमानिकांचे जीव वांचविण्याकडे वळलें. त्यांच्या आसनांनीं आजवर सात हजारांहून अधिक जीव वांचविले आहेत.

आम्हां शिक्षकांसही ह्यांतून घेण्याजोगें कांहीं आहे. आम्ही मुलांची परीक्षा शांत दालनांत, ठरलेल्या दिवशीं, तीन तासांत घेतों. उन्हातान्हांत, अपयशांत, एकटेपणांत तें मूल कसें वागेल, हें त्या कागदावरून कळत नाहीं. आणि जें घड्याळ कसोटींत मागें पडतें, तें कुशल घड्याळजी फेंकून देत नाहीं. तें उघडतो, दोष शोधतो, चाल जुळवितो आणि पुन्हा परीक्षेस बसवितो. नापास झालेल्या मुलाच्या वांट्यास आपल्याकडे बहुधा एक लाल रेघ आणि घरचे बोल येतात. यंत्राविषयीं आपण जेवढा धीर दाखवितों, तेवढा मुलांविषयीं दाखविला, तर शाळा सोडून जाणारीं कित्येक मुलें टिकतील असें आम्हांस निश्चित वाटतें.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, महागडें वैमानिकी घड्याळ आपल्या मनगटावर नाहीं म्हणून खंत करूं नका, आणि असेल तर त्यावरून कोणास कमी लेखूं नका. एखादी वस्तु, एखादें पुस्तक वा एखादा पुढारी मोठें नांव घेऊन पुढें आला, तर एवढेंच विचारा: ह्याची परीक्षा कोणीं घेतली, कोणत्या परिस्थितींत घेतली, आणि ती घेणारा स्वतः विकणारा तर नव्हता ना? हे तीन प्रश्न ज्यास विचारतां येतात, त्यास बाजारांत कोणी सहज फसवूं शकणार नाहीं.