नेमलेला खेळ, नेमलेले पुस्तक

‘जे सकस असते ते जाहिरातीवाचूनही टिकते’ हे वाक्य आपण साहित्याच्या वर्गात इतक्या श्रद्धेने उच्चारतो की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. तपासण्यासाठी साहित्याबाहेरचे, काहींना पोरकट वाटेल असे उदाहरण घेऊ : संगणकावरचा पिनबॉल.

२००१ साली विंडोज एक्सपी आली. त्यानंतरच्या वर्षांत नाशिकच्या सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या संगणक कक्षात ज्यांनी वेळ काढला, त्यांना ‘स्पेस कॅडेट’ आठवत असेल. तो खेळ कुणी वेगळा विकत घेतला नव्हता की त्याची जाहिरात पाहिली नव्हती. मग तो निव्वळ गुणांवर गाजला म्हणायचे काय? मुळीच नाही. सिनेमॅट्रॉनिक्सने घडवलेल्या आणि मॅक्सिसने १९९५ साली बाजारात आणलेल्या ‘फुल टिल्ट! पिनबॉल’मध्ये तीन टेबले होती. त्यांपैकी एकच मायक्रोसॉफ्टने आपल्या प्रणालीसोबत वाटले. ‘स्कल्डगरी’ आणि ‘ड्रॅगन्स कीप’ ही उरलेली दोन आज कितीजणांना ठाऊक आहेत? तिन्हींच्या गुणांत फरक असेलही. पण कीर्ती आणि विस्मरण यांत जेवढे अंतर पडले, तेवढा खचितच नसेल.

विकत घ्यायच्या खेळांचीही तीच गत. झेन स्टुडिओजची टेबले ‘स्टार वॉर्स’ आणि ‘मार्व्हल’ ही नावे लेवून येतात. चेंडू हलण्याआधीच नावाने अर्धे काम केलेले असते. २०१८ साली विल्यम्स व बॅली यांच्या जुन्या टेबलांचा परवाना ‘पिनबॉल आर्केड’कडून गेला, तेव्हा ती टेबले तेथील विक्रीतून उठली. त्यांच्या गुणांत तसूभरही उणेपणा आला नव्हता.

यावर आक्षेप येईल : विपणन माणसाला दारापर्यंत आणते, पुन्हा खेळायला लावतो तो खेळच. मान्य. ‘स्पेस कॅडेट’ बोटांत मुरला तो त्याच्या रचनेमुळेच. परंतु जे दारापर्यंत पोचलेच नाही, त्याची परीक्षा कोणी आणि कधी घेतली?

आता आपल्या अंगणाकडे वळू. क्रमिक पुस्तकातली कविता पिढ्यान्‌पिढ्या पाठ असते आणि त्याच कवीचे उरलेले संग्रह ग्रंथालयात धूळ खातात. अभ्यासमंडळ एक कादंबरी नेमते, त्या वर्षी तिच्या प्रती खपतात, गाइडे निघतात, आणि आपणच वर्गात सांगतो की काळाने तिला निवडले. काळाने कसले? तुम्ही-आम्ही निवडले. प्रणालीसोबत आलेला खेळ आणि अभ्यासक्रमासोबत आलेले पुस्तक यांत वितरणाच्या दृष्टीने काडीचा भेद नाही. बाजाराला नाक मुरडणारा प्राध्यापक हा मराठीतला एक मोठा वितरक आहे. फक्त तो स्वतःला समीक्षक म्हणवतो.

वितरण हे पाप नव्हे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत नेतो, आणि आपण पुस्तके पोचवतो हे उघडपणे सांगतो. तेवढा प्रामाणिकपणा अभ्यासमंडळांनीही दाखवावा. नेमलेल्या पुस्तकाच्या निवडीची कारणे लिहून प्रसिद्ध करावीत, आणि त्यांच्याशेजारी वगळलेल्या पुस्तकांची यादीही छापावी. ज्या दोन टेबलांना आपण दारच दाखवले नाही, त्यांची नावे तरी विद्यार्थ्याला कळू देत.