शिकाऊ हात आणि तान्हें मूल

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांचा चार महिन्यांचा नातू जुलाबांनीं आजारी पडून एका मोठ्या शहरांतील रुग्णालयांत होता. सलाइनसाठीं शीर सांपडेना. तरुण डॉक्टरानें तीन वेळां सुई टोंचली. चवथ्या वेळीं त्याचे वरिष्ठ आले आणि त्यांनीं क्षणांत काम उरकलें. नातू बरा होऊन घरीं आला. परंतु आजीच्या मनांतील सल गेला नाहीं. "आमचीं मुलें ह्यांच्या शिकण्यासाठीं आहेत काय?" असा त्यांचा सवाल आहे. प्रश्न रागाचा असला तरी अडाणीपणाचा नाहीं. म्हणून ह्या वेळीं त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, ज्या हातास यश आलें तो हातहि एके काळीं शिकाऊच होता. एम्. बी. बी. एस्. झाल्यावर बालरोगशास्त्राच्या एम्. डी. पदवीस तीन वर्षें लागतात, आणि तीं वर्षें हे रेसिडेंट डॉक्टर रुग्णालयांतच राबत असतात. पोहणें जसें पुस्तक वाचून येत नाहीं, तशी तान्ह्याची शीरहि पुस्तकांत सांपडत नाहीं. शिवाय मूल म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रत नव्हे. त्याच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. दशांशचिन्ह एक घर सरकलें कीं मात्रा दहापट होते! त्याला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. तें आईच्या बोलण्यांतून काढून घ्यावें लागतें. तेव्हां ह्या विद्येंत हात, डोळे, कान आणि जीभ हीं चारहि तयार व्हावीं लागतात.

तीं तयार झालीं कीं नाहीं हें ठरवावयाचें कसें? जुन्या पद्धतीच्या परीक्षेंत उमेदवारास एक मोठा व दोनचार लहान रुग्ण देत. कोणाच्या वांट्यास सोपें मूल येई, कोणाच्या वांट्यास रडवें. उमेदवार तपासीत असतां परीक्षक बहुधा जवळ नसत. तो मागाहून काय सांगतो तेवढें ऐकत. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७५ सालीं निराळी रीत मांडली. निरनिराळ्या टेबलांवर निरनिराळीं कामें ठेवावयाचीं. घंटा वाजली कीं उमेदवारानें पुढें सरकावयाचें. सर्वांस कामें तींच, वेळ तोच, आणि गुण आगाऊ ठरविलेल्या यादीप्रमाणें. ह्या परीक्षेस 'ऑस्की' म्हणतात. आपल्याकडेहि राष्ट्रीय परीक्षा मंडळानें बालरोगाच्या परीक्षेंत तिचा अवलंब केला.

परंतु परीक्षेच्या दिवशीं करून दाखविणें निराळें आणि रात्रीं दोन वाजतां, दमलेलें असतां, तेंच नीट करणें निराळें. जॉर्ज मिलर यांनीं १९९० सालीं ह्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणें, कसें करावें हें माहीत असणें, करून दाखविणें, आणि रोजच्या कामांत प्रत्यक्ष करणें. ह्या चवथ्या पायरीसाठीं वरिष्ठानें वॉर्डांतच दहापंधरा मिनिटें शेजारीं उभें राहून पाहावें व लगेच चूक समजावून द्यावी, ही रीत आतां रूढ होत आहे.

असें पाहणें किती मोलाचें आहे ह्याचें एक उदाहरण देतों. जन्मलेल्या दर दहा मुलांपैकीं सुमारें एकास श्वास सुरू होण्यास कांहीं ना कांहीं मदत लागते, आणि तिला वेळ असतो पहिल्या मिनिटाचा. तोंडावर मुखवटा बसवून पिशवीनें मिनिटास ४० ते ६० वेळां हवा द्यावयाची, हें वाचावयास सोपें आहे. परंतु मुखवटा एका बाजूनें उचलला कीं हवा बाहेरच जाते. म्हणून हें काम आधीं रबरी बाहुल्यावर घोटवून घेतात. शिकलेली माहिती बरेच दिवस टिकते, हाताचें कसब मात्र कांहीं महिन्यांतच बोथट होतें. म्हणून पुन्हां पुन्हां सराव आणि पुन्हां पुन्हां परीक्षा हवी. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतल्या थोडें शिकलेल्या स्त्रियांस नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली व त्यांच्या कामावर सतत देखरेख ठेविली. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांपेक्षां तेथील नवजात मृत्यूंचें प्रमाण सुमारें ६२ टक्क्यांनीं घटल्याचें नमूद आहे. पदवीपेक्षां तयार केलेला व तपासलेला हात किती मोठा, हें ह्यावरून दिसतें.

आतां आजीबाईंच्या प्रश्नाकडे वळूं. त्यांच्या नातवावर अन्याय झाला असेल तर तो डॉक्टर शिकाऊ होता म्हणून नव्हे; तो एकटा होता म्हणून. पहिली सुई बाहुल्यावर, दुसरी वरिष्ठाच्या नजरेखालीं, आणि दोन प्रयत्न फसले कीं हात बदलावयाचा, असा दंडक प्रत्येक वॉर्डांत असावा असें आमचें मत आहे. तो नसेल तर पालकांनीं शांतपणें विचारावें, "आपले वरिष्ठ येथें आहेत काय? त्यांस बोलवितां येईल काय?" ह्यांत अपमान कोणाचाच नाहीं. मात्र परीक्षेच्या दिवशीं आपल्या मुलास तपासूं देण्याची विनंति कोणी केली, तर मूल फार आजारी नसल्यास ती सहसा नाकारूं नये. आणि एखाद्या तरुण डॉक्टरानें मुलास हात लावण्यापूर्वीं स्वतःचे हात धुतले, आईचें बोलणें मधें न तोडतां ऐकून घेतलें, तर तें त्यास अवश्य बोलून दाखवावें. परीक्षकाच्या यादींत हे गुण असतातच. पण आईच्या तोंडून मिळालेली पावती तो जन्मभर विसरणार नाहीं.

पुढें आपल्याच घरांतील एखादें तान्हें मूल त्याच हातांत जावयाचें आहे.