फलकावरचा एक आणि वर्गातले एकोणसाठ

बारावीचा निकाल लागला की हायवेवरच्या होर्डिंगांचा मोसम पालटतो. प्लॉटिंगच्या जाहिराती उतरतात आणि टाय लावलेली पोरं वर चढतात. हसरा चेहरा, शेजारी चाळीस-पन्नास लाखांचा आकडा, खाली ‘प्रवेश सुरू’. आकडा खोटाच असतो असं नाही. पण त्या मुलाच्या वर्गात साठ जण होते, आणि बाकीच्या एकोणसाठांचं पुढे काय झालं ते फलकावर नसतं. फलकाखालून जाणारा बापही ते विचारत नाही. तो मनातल्या मनात आपल्या मुलाचा चेहरा तिथे चिकटवतो आणि पुढे जातो.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचं कॉलेज ठरतं ते तीन गोष्टींवर: गेल्या वर्षीचा कटऑफ, फलकावरचं पॅकेज आणि ‘कॉम्प्युटर मिळतंय का?’ या तिन्हींतून कळतं ते एक तर बाहेरच्या गर्दीबद्दल, नाही तर वर्गातल्या पहिल्या दोन-चार मुलांबद्दल. आपलं पोर बहुधा मधेच कुठेतरी असणार. कॉलेज निवडायचं ते त्या मधल्या पोराचा हिशेब मांडून, हा या लेखाचा पक्ष.

आधी कटऑफ. कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीच्या दिवसांत तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही सायबर कॅफेत डोकावावं. वडिलांच्या हातात गेल्या वर्षीच्या यादीचं प्रिंटआउट, त्यावर पिवळ्या हायलायटरच्या रेघा. ते वरून खाली कोड वाचत जातात, कॅफेवाला टाइप करतो, आणि ज्याला चार वर्षं शिकायचंय तो मागे उभा राहून मोबाइल बघतो. क्रम ठरलेला: सगळ्यात चढा कटऑफ पहिला, मग त्याखालचा, मग त्याच्याही खालचा. इतके सगळे लोक ज्या कॉलेजच्या मागे धावतात ते चांगलंच असणार, यात चुकलं कुठे?

चूक त्याच प्रिंटआउटवर छापलेली आहे. यादीत जीओपनएस, जीओपनएच, जीओपनओ, टीएफडब्ल्यूएस असे रकाने असतात. शेवटचं अक्षर एस म्हणजे राज्यस्तरीय जागा, एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांची, ओ म्हणजे क्षेत्राबाहेरच्यांची. विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नसलेल्या कॉलेजांत या जागा 70 आणि 30 टक्के अशा वाटल्या जातात. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोघांचे कटऑफ वेगळे. शेजारच्या टीएफडब्ल्यूएसवाल्याचा तिसराच आणि बहुतेकदा सगळ्यांत चढा, कारण तिथे शिक्षण शुल्क माफ असतं, जागा जेमतेम 5 टक्के असतात आणि 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेली घरं त्यासाठी रांगेत असतात. कटऑफ जर शिकवण्याचा दर्जा दाखवत असेल, तर एकाच मास्तरांच्या एकाच तासाला तीन दर्जे कसे?

कटऑफ हा बाजारभाव आहे. जागा किती, फी किती, स्टेशनपासून कॉलेज किती लांब, पुण्यात की पुण्याबाहेर, यावर तो चढतो-उतरतो. शिवाय तो गेल्या वर्षीच्या गर्दीचा. पीसीएम गटाची सीईटी चार लाखांवर मुलं देतात, म्हणजे पर्सेंटाइलच्या दशांशात चारशे मुलं मावतात. 200 गुणांच्या या परीक्षेत गणिताचा एकेक प्रश्न दोन गुणांचा. एका इंटिग्रलमध्ये चिन्ह चुकलं तर मुलगा यादीत कितीतरी ओळी खाली घसरतो. ‘ब्याण्णव पॉइंट चारचं कॉलेज’ आणि ‘एक्क्याण्णव पॉइंट आठचं कॉलेज’ यांच्यात फरक पाहणाऱ्यांना कदाचित तो एक प्रश्नच दिसत असेल.

कटऑफला अजिबात अर्थ नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. हुशार मुलांच्या संगतीत राहण्याचा फायदा खरा आहे, आणि कंपन्याही अशी मुलं एकत्र सापडतात तिथेच आधी जातात. 1854 साली सुरू झालेलं पुण्याचं सीओईपी (2022 पासून ते स्वतंत्र विद्यापीठ आहे), 1887 चं व्हीजेटीआय, 1933 चं माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी, यांच्याबद्दल वाद घालायला कुणी बसलेलं नाही. तिथे प्रवेश मिळत असेल तर हा लेख बाजूला ठेवून प्रवेश घ्यावा. प्रश्न त्यांच्याखालच्या तीनशेहून अधिक कॉलेजांचा आहे. तिथे कटऑफची उतरंड दिसते स्वच्छ आणि सांगते फार थोडं.

त्यात ऑप्शन फॉर्मबद्दलचा एक गैरसमज. पहिला पर्याय ‘आवाक्याबाहेरचा’ दिला तर तो वाया जातो, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. यंत्रणा मेरिट पाहते आणि तुमच्या यादीतला जो वरचा पर्याय मिळू शकतो तो देते. तेव्हा क्रम आपल्या पसंतीचाच असावा. 2025-26 च्या नियमांनी तर चुकीचा क्रम आणखी महाग केला: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांतला आणि तिसरीत पहिल्या सहांतला मिळाला की जागा आपोआप गोठते, पुढच्या फेरीचा दरवाजा बंद. कटऑफच्या उतरत्या क्रमाने, न पाहिलेली कॉलेजं वर टाकणाऱ्यांच्या गळ्यात त्यांनीच मागितलेलं कॉलेज पडतं आणि मग ते नियमांना दोष देतात.

आता शाखा. ‘कॉलेज कुठलंही चालेल, पण कॉम्प्युटर’ हे वाक्य इतकं रुळलंय की ते उलटून पाहायची सोय राहिलेली नाही. मेकॅनिकल मागे पडलं, सिव्हिल मागे पडलं, आणि नव्या शाखांची नावं मात्र लांबत चालली आहेत. एका शाखेच्या नावात इंटरनेट ऑफ थिंग्ज, सायबर सिक्युरिटी आणि ब्लॉकचेन असं सगळंच आहे. लग्नपत्रिकेवर छापायची वेळ आली तर ओळ पुरायची नाही. 2024-25 पासून तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीईने चांगल्या कामगिरीच्या संस्थांना एका शाखेत किती जागा असाव्यात याची वरची मर्यादाच काढून टाकली. तुकड्या वाढल्या. त्यांना शिकवणारे अनुभवी प्राध्यापक त्याच वेगाने कुठून येणार?

आणि संगणकाची नोकरी फक्त संगणकाच्या पदवीलाच मिळते हेही खरं नाही. सरसकट भरती करणाऱ्या मोठ्या आयटी कंपन्या वर्षानुवर्षं मेकॅनिकलचा, इलेक्ट्रिकलचा मुलगा चाचणी घेऊन उचलत आल्या आहेत. उलट दिशेचा रस्ता मात्र तितका मोकळा नाही: यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम या चारच शाखांत होते. त्यात संगणक नाही. ज्या घरात ‘मुलगा सरकारी अधिकारी व्हावा’ ही इच्छा आणि ‘कॉम्प्युटरच घे’ हा हट्ट एकत्र नांदतात, तिथे हे आधी कळलेलं बरं. इचलकरंजीत यंत्रमागाच्या खडखडाटात 1982 पासून वस्त्र अभियांत्रिकी शिकवणारी संस्था आहे. तिथल्या मुलाला इंटर्नशिपसाठी गावाबाहेर जावं लागत नाही. शाखा आणि गाव यांचं असं गोत्र जुळणं कटऑफच्या कुठल्या रकान्यात दिसणार?

फलकावर मिरवणाऱ्या नॅकच्या, म्हणजे मूल्यांकन परिषदेच्या, श्रेणीवर फार वेळ घालवायला नको. ती संस्थेची असते, शाखेची नव्हे. फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयने लाचखोरीच्या एका प्रकरणात नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षासह काहींना अटक केली. त्यानंतर तरी ‘ए प्लस प्लस’चा फलक जरा सावधपणे वाचायला हरकत नाही. एनबीएचं मानांकन अधिक कामाचं, कारण ते एकेका शाखेला मिळतं, आणि निदान दोन तुकड्या बाहेर पडल्याशिवाय मिळत नाही. गेटवर ‘एनबीए मानांकित’ असं लिहिलेलं असेल तर विचारायचं एवढंच: कुठली शाखा, आणि कधीपर्यंत?

आता दुसऱ्या टोकाचे लोक. ‘कॉलेजनं काय होतंय? मुलगा हुशार असला की कुठेही चमकतो.’ हे म्हणणारे बहुधा स्वतः चांगल्या कॉलेजातून आलेले असतात. 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, ज्यांच्या फोटोला प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात हार घातला जातो ते विश्वेश्वरय्या बंगळूरची बी.ए. पदवी खिशात असताना म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन पुण्याला आले, ते इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंग शिकायला. 1883 मध्ये तिथून पहिले आले आणि लगेच मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ही त्यानंतरची गोष्ट. इतक्या हुशार मुलालाही योग्य कॉलेज लागलं. मधल्या मुलाला तर ते जास्तच लागतं. वरचा मुलगा वाईट प्राध्यापकाला वळसा घालून यूट्यूबवरून शिकतो. मधला मुलगा एमथ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, अडकतो, एटीकेटी लागते, मग वायडी, म्हणजे वर्षच वाया, आणि घरी सांगायचं कसं म्हणून दिवाळीला गावी जात नाही.

मग या मधल्या मुलाची खबर कुठे मिळते? चक्क कॉलेजच्याच वेबसाइटवर. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती पीडीएफमध्ये जाहीर ठेवावी लागते. रँक विसरायची आणि ते कागद उघडायचे. चार वर्षांच्या पदवीच्या तक्त्यात किती मुलांनी प्रवेश घेतला, किती जण ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक काय आणि किती जण पुढे शिकायला गेले, हे तीन तुकड्यांचं सापडतं. मध्यक म्हणजे शाळेच्या संख्याशास्त्रातलाच: सगळे पगार ओळीने मांडले की बरोबर मधे येणारा.

समजा, 600 जणांनी प्रवेश घेतला, 380 वेळेत पास झाले, 190 जणांना नोकरी लागली आणि मध्यक 5 लाख. फलकावर ‘मध्यक 5 लाख’ एवढंच आलं तर ते सगळ्या कॉलेजचं वाटेल. प्रत्यक्षात तो नोकरी लागलेल्या 190 जणांचा आहे. त्यातले अर्धे, म्हणजे 95 जण, 5 लाखांच्या वर. सहाशेतले पंच्याण्णव! आणि 220 जण चार वर्षांत बाहेरच पडले नाहीत. शेजारच्या कॉलेजात मध्यक साडेचारच लाख असेल, पण 600 पैकी 520 वेळेत सुटले आणि 350 जणांना काम मिळालं असेल, तर मधल्या मुलासाठी ते दुसरं कॉलेज कितीतरी बरं, मग त्याचा कटऑफ दोन पर्सेंटाइलने खाली का असेना.

‘हे आकडे कॉलेजंच भरून देतात, त्यांचा काय भरवसा?’ आक्षेप रास्त आहे. शिवाय त्यात सगळ्या शाखा एकत्र असतात. म्हणून तीन तुकड्या शेजारी ठेवून पाहाव्यात. वर्षभरात पदवीधर दुप्पट झालेले दिसले तर सावध व्हावं. टीपीओकडे, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे, शाखावार यादी मागावी. दुसरा कागद म्हणजे एआयसीटीईच्या नियमाने जाहीर करावी लागणारी प्राध्यापकांची यादी. वीस मुलांमागे एक शिक्षक हा निकष तिथे कागदोपत्री पुरा असतोच. नजर फिरवायची ती रुजू झाल्याच्या तारखांवरून. निम्म्या तारखा गेल्या वर्षभरातल्या असतील तर तिथे माणसं टिकत नाहीत, आणि तुमचं पोर दुसऱ्या वर्षातून (एसई) तिसऱ्यात (टीई) जाईपर्यंत शिकवणारे चेहरे पुन्हा बदललेले असतील.

उरतं ते पायाने जाऊन पाहणं. ऑफिसच्या सोफ्यावर बसून काही कळत नाही. कँटीनमधे टीईचा एखादा मुलगा गाठावा आणि विचारावं: गेल्या सेमिस्टरला वर्कशॉपचं मशीन स्वतः किती वेळा चालवलंस? जर्नल उतरवून काढलीस की प्रयोग करून? नापास झालेल्यांसाठी कुणी थांबून शिकवलं का? घरापासून कॉलेजपर्यंतची लोकल एकदा सकाळच्या गर्दीत धरून पाहावी. रोजचे चार तास डब्यात गेले तर अभ्यासाचे तास तिथेच कापले जातात. मुलीच्या बाबतीत आणखी एक हिशेब: 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. म्हणजे फीमुळे नाकारलेलं चांगलं कॉलेज पुन्हा यादीत येऊ शकतं. आता खर्च पाहायचा तो हॉस्टेलचा आणि मेसचा.

तेव्हा सायबर कॅफेतल्या त्या खुर्चीवर यंदा मुलाला बसवा आणि हायलायटर त्याच्याच हातात द्या. फॉर्म कन्फर्म करेपर्यंत क्रम हवा तितक्या वेळा बदलता येतो. कन्फर्म झाल्यावर त्या फेरीपुरता तो बदलत नाही.